शर्टाची बटणं काढा, म्हणाल्या सिस्टर

पत्र:

सिस्टर, नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातला शेतकरी, वय 27. बायकोचं बीपी वाढलं, पायावर सूज आली, म्हणून आठवा लागता लागताच तालुक्याच्या गावी सिझर करावं लागलं. मुलगी झाली, वजन 1 किलो 280 ग्रॅम. 108 गाडीतून तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात आणलं आणि पेटीत ठेवलं. बायको तिकडंच आहे, इथं मी एकटा. चौथ्या दिवशी इथल्या वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, ‘बाळाचे वडील ना? शर्टाची बटणं काढा आणि खुर्चीवर बसा.’ मला वाटलं चेष्टा करायल्यात. नाकात ऑक्सिजनची नळी, तोंडात दुधाची नळी, पायाला लाल दिवा, असं एवढंसं लेकरू त्यांनी माझ्या उघड्या छातीवर ठेवलं. वीस मिनिटांत मशीन वाजायला लागलं. माझे हात थरथरले, मी ‘घ्या, घ्या’ म्हणून परत दिलं. दोन दिवस झाले, हिंमत होईना. आई म्हणती, सोयर फिटलं नाही, असलं लेकरू कुणी उघड्या अंगावर घेतं का, वारं लागंल. चुलते म्हणतात, सिस्टर लोकांना काम नको म्हणून आपल्या गळ्यात मारायल्यात. मी डिलिव्हरीच्या आदल्या दिवशीपर्यंत हरभऱ्यावर फवारत होतो, ते लेकराला लागतं का? परवा बायको येणार. तिचे टाके ओले आहेत, थोडा खोकला आहे. तिला घेऊ द्यावं का? आणि मशीन माझ्यामुळं वाजलं का, तेवढं सांगा.

उत्तर:

भाऊ,

शेवटचा प्रश्न आधी घेते. तुम्ही तो अगदी तळाला लिहिलाय, पण झोप त्यानंच उडवलीय हे दिसतंय.

लेकीच्या पायाचा लाल दिवा म्हणजे रक्तातला ऑक्सिजन मोजणारा प्रोब. भलताच तुनकमिजाज असतो. बाळानं पाय झाडला, पट्टी सैल झाली, पाऊल गार पडलं, की त्याला आकडा सापडत नाही आणि मशीन बोंबलतं. पेटीत असतानाही ते दिवसातून कितीतरी वेळा वाजतं. तुम्ही तेव्हा दाराबाहेर असता म्हणून ऐकू येत नाही. कधीकधी कारण खरंही असतं. बाळाची मान पुढं मुडपते, हनुवटी छातीला टेकते, श्वासाची वाट दबते आणि आकडा उतरतो. मान सरळ केली की चढतो. तुमच्या वेळी यातलं काय झालं ते तिथल्या सिस्टरना विचारा, त्या सांगतील. काहीही असलं तरी तुम्ही लेकीचं काही बिघडवलं नाही.

पुढच्या वेळी वाजलं की आधी मशीनकडं बघू नका, लेकीकडं बघा. ओठ गुलाबी आहेत का, छाती हलतेय का, नाक मोकळं आहे का. बघता बघताच सिस्टरना हाक मारा. त्या येतील, बहुतेक वेळा मान नाहीतर पट्टी नीट करतील आणि निघून जातील. लेकरू परत द्यायची घाई तुम्ही करायची नाही.

आणखी एक. एवढ्या लवकर आलेल्या लेकराचा श्वास आपल्यासारखा एका ठेक्यात चालत नाही. भरभर चालतो, पाच-सात सेकंद थांबतो, परत सुरू होतो. नवा बाप त्या पाच सेकंदांत स्वतःचाच श्वास रोखून बसतो, हे मी शेकड्यांनी पाहिलंय. तेवढं थांबणं या लेकरांत चालतं. 20 सेकंद थांबला, किंवा त्याआधीच तोंड निळं-करडं पडलं, अंग ढिलं पडलं, तर तळपाय चोळायचा आणि वॉर्डभर ऐकू जाईल अशी हाक मारायची. तिथं लाजायचं नाही.

आता चुलत्यांचं. त्यांच्या बोलण्यावर मला राग यायला हवा, पण येत नाही, कारण सिस्टर लोकांवरचा अविश्वास काही हवेतून आलेला नाही. मी 30 वर्षांहून जास्त काळ मराठवाड्यातल्या सरकारी दवाखान्यांत काढला, त्यातला निम्मा बाळांच्या वॉर्डात. सुरुवातीच्या वर्षांत आयांना दाराबाहेर ठेवणं हेच आमचं मोठं काम, आणि मी ते मन लावून केलं. दाराला जेवणाच्या ताटाएवढी गोल काच होती. ओल्या बाळंतिणी आळीपाळीनं त्या काचेला कपाळ लावायच्या. आपली पेटी कुठली हे त्यांना कळायचं नाही. आम्ही आतून बोट दाखवायचो, आणि गर्दीच्या दिवशी तेही नीट दाखवत नव्हतो. जंतू बाहेरून येतात ही आमची पक्की समजूत. मग आत कुणी येत नसतानाही एका लेकराला संसर्ग झाला की दोन-तीन दिवसांत शेजारच्याला कसा व्हायचा? माझ्या हातानं व्हायचा. एका पेटीत दोन-दोन लेकरं, पाळीला दोन सिस्टर, आणि वॉर्डात एकच नळ. हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली.

मग एका डिसेंबरात रात्री लाईट गेली. जनरेटर नुसता खोकला, पेटला नाही. वॉर्मर बंद, पेट्या बंद, आणि परभणीकडची थंडी तुम्हाला मी काय सांगू. आमच्याकडं तेव्हा ऊसतोडीवरून अर्ध्यात परत आलेल्या एका बाईचं लेकरू होतं, दीड किलोच्या आतलं. मी थर्मामीटर काखेत लावला तर पारा छत्तीसाच्या खाली. दार उघडून तिला आत घेतलं आणि म्हटलं, ‘माय, चोळीत घाल.’ तिनं एका शब्दानं विचारलं नाही, पदर सारला, लेकरू छातीशी उभं धरलं आणि वरून लुगडं लपेटलं. तासाभरानं परत मोजलं तर साडेछत्तीसच्या वर. आणि पेटीत सारखं कण्हणारं ते लेकरू गप्प निजलेलं. त्या रात्री आणखी चार जणींना मी आत घेतलं. सकाळी राऊंडला बोलणी खाल्ली ती वेगळी.

याला नाव असतं हे मला पुढं ट्रेनिंगमध्ये कळलं. कांगारू मदर केअर. कोलंबिया देशात, बोगोटा शहरात 1978 साली डॉ. एडगर रे यांनी ते सुरू केलं. अडचण तुमच्या-माझ्या ओळखीचीच: पेट्या कमी, लेकरं जास्त, एकाचा संसर्ग दुसऱ्याला. त्यांनी आयांनाच पेटी केलं. पुढं डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी ते काम वाढवलं. म्हणजे गरजेपोटी निघालेली गोष्ट. म्हणूनच बरीच वर्षं मोठे दवाखाने नाक मुरडायचे: गरिबाची पेटी आहे, खरी पेटी मिळाली की सोडून द्या.

ते नाक मुरडणं थांबलं ते एका मोठ्या अभ्यासानं, आणि त्यात आपल्या देशाचाही वाटा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत 3,200 हून जास्त लेकरांवर तो केला. भारतातलं केंद्र दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय. लेकरांची वजनं 1 किलो ते 1 किलो 799 ग्रॅम. तुमची लेक बरोबर यात बसते. निम्म्यांना जन्मल्यापासूनच आईच्या किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या छातीवर ठेवलं, दिवसाला सरासरी 17 तास. बाकीच्यांना आमच्या जुन्या रीतीनं आधी पेटीत-वॉर्मरवर, आणि तब्येत स्थिरावली की मग छातीवर. 28 दिवसांत दुसऱ्या गटातली शंभरातली 15.7 लेकरं गेली, पहिल्या गटातली 12. फरक एवढा ठळक दिसला की अभ्यास मुदतीआधीच थांबवला. कारण कळल्यावरही निम्म्यांना छातीपासून लांब ठेवणं बरोबर नव्हतं. 2021 मध्ये हे छापून आलं. पहिल्या गटात संसर्गाचा संशय कमी आणि अंग गार पडणंही कमी. छातीवर घेतल्यानं जंतू लागतात म्हणणाऱ्यांना यापुढं मी काही वेगळं सांगत नाही. 2022 मध्ये संघटनेनं सूचनाच काढली: कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या प्रत्येक लेकराला जन्मल्यावर जमेल तितक्या लवकर छातीवर घ्या, दिवसाला 8 ते 24 तास.

आईबापांना आत घेऊन शिकवावं हे आपल्या केंद्र सरकारनं 2017 मध्येच लिहून दिलंय. तेव्हा चुलत्यांना सांगा, काम टाळायचं असतं तर सिस्टरनी लेकरू पेटीतच ठेवलं असतं. नळ्या सांभाळून ते बाहेर काढणं, नव्या माणसाच्या छातीवर बसवणं, दर थोड्या वेळानं येऊन बघणं, यात काम वाढतं.

मग धोका कशातच नाही का? आहे, आणि तुमच्या घरात ज्याची चर्चा चाललीय त्यात तो फारसा नाही. सांगते.

आधी तुमचं फवारणीचं, कारण हा प्रश्न तुम्ही एकट्यानंच विचारला आणि चांगला विचारला. फवाऱ्याचं औषध कातडीला, केसांना, कपड्यांना चिकटतं आणि कातडीतून आतही जातं. पण तुम्ही आता आठवडाभर दवाखान्यात आहात. डोक्यावरून साबण लावून आंघोळ, नखं कापून ब्रशनं घासलेली, आणि फवारणीच्या कपड्यांसोबत न धुतलेला स्वच्छ शर्ट, एवढं असलं तर काळजीचं काही नाही. लेक दवाखान्यात असेपर्यंत पुढचा फवारा भावानं नाहीतर मजुरानं मारावा, तुम्ही पंपाला हात लावू नका. घाटे अळी खाईल तेवढं खाईल.

तंबाखूचं पत्रात लिहिलं नाहीत, पण मी मराठवाड्यातली आहे, मला विचारावंच लागतं. बिडी-सिगारेट ओढून आलेल्या माणसाच्या कपड्यातून, श्वासातून तो धूर लेकराच्या फुफ्फुसात जातो, आणि तिची फुफ्फुसं अजून शिकाऊ आहेत. ओढत असाल तर आता सोडा. पुडी खात असाल तर तीही सोडा, निदान तोंडात तोबरा धरून, त्याच बोटांनी लेकरू धरू नका. तुमच्या आई मिश्री लावत असतील तर त्यांनाही हेच.

आत जाताना हात कोपरापर्यंत साबणानं दोन मिनिटं. अंगठी, कडं, घड्याळ बाहेर. मनगटावरचे धागेही. हे सांगितलं की माणसं दुखावतात. देवीचा असतो, दर्ग्याचा असतो. मी म्हणायचे, खिडकीच्या गजाला बांधा, तिथूनही तो राखण करील. ओल्या धाग्यात जंतू किती मजेत राहतात ते तुम्हाला दिसत नाही, मला दिसायचं. छातीला मात्र दर वेळी काही लावायचं-पुसायचं नाही. रोजची आंघोळ पुरते. पावडर नको, अत्तर नको, व्हिक्स नको, तेल नको. छातीवरचे केस काढू का, असं बाप लोक हळूच विचारतात. नका काढू, वस्तऱ्यानं कातडी सोलते, ते उलट वाईट.

आता बसायचं कसं. बसायच्या आधी पाणी प्या, लघवीला जाऊन या, फोन बंद करून भावाकडं द्या, कारण एकदा बसलात की निदान एक तास उठायचं नाही. खाली-वर करण्यातच या लेकरांची सगळ्यात जास्त दमछाक होते. दहा मिनिटं घेऊन परत ठेवण्यापेक्षा त्या वेळी न घेतलेलं बरं. तुम्ही वीस मिनिटांत परत दिलंत, त्यात तिचा येण्या-जाण्याचा त्रास झाला आणि फायदा हाती लागायच्या आत बाजार उठला.

पाठ मागं टेकवून, थोडं रेलून बसायचं. सरळ ताठ नको, आडवं नको. लेकीच्या अंगात फक्त लंगोट, टोपी आणि पायमोजे. सिस्टर तिला तुमच्या छातीच्या मधोमध उभी ठेवतील, पोटाला पोट लागेल अशी, पाय बेडकासारखे दुमडलेले, हात कोपरात वाकवलेले. डोकं एका कुशीला वळवलेलं, हनुवटी किंचित वर. या शेवटच्या गोष्टीवर सगळं आहे: तुम्ही मान खाली घातली की तिचं नाक तुम्हाला दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर काहीतरी चुकतंय. मग तिच्या बुडाखालून घेऊन तुमच्या पाठीमागं बांधायचा पट्टा, वरची कड तिच्या कानाच्या खाली येईल असा. पट्ट्यात दोन बोटं सहज शिरतील इतपत घट्ट. तिचं पोट हलायला जागा हवी, कारण ती पोटानं श्वास घेते. वरून शर्ट, त्यावर शाल. ऑक्सिजनची नळी सिस्टर तुमच्या खांद्याला चिकटवतील. उठताना तिला विसरू नका, मी दोन बापांना नळीसकट पाणी प्यायला निघालेलं पाहिलंय. दूध पाजायची वेळ झाली तर ते नळीनं तिथंच छातीवर दिलं जातं, काढायची गरज नसते.

पट्टा म्हणून आईचं जुनं सुती लुगडं फाडून आणा. दवाखान्यातला पट्टा बहुधा कडक असतो.

आता खरा धोका. तुम्ही पाच-सहा रात्री दवाखान्याच्या फरशीवर काढल्यात. अर्धवट झोप, उबदार वॉर्ड, छातीवर उबदार लेकरू. तुमचे डोळे मिटणार. खुर्चीत बसलेला माणूस झोपला की हात सैल पडतो, लेकरू खाली घसरतं, मान मुडपते, नाक छातीत रुततं, आणि ते रडतही नाही. असं क्वचित होतं, पण होतं, आणि अगदी धडधाकट लेकरांचंही झालेलं आहे: आई थकून झोपलेली, जवळ कुणी नाही, किंवा आई मोबाईलमध्ये. म्हणून फोन बाहेर ठेवा म्हणते. डोळे जड झाले की सिस्टरना सांगा, ‘मला झोप येतेय, घ्या.’ हे ‘घ्या’ योग्य ठिकाणचं. रात्री छातीवर घेऊन झोपायचं ते आईनं, दवाखान्यातल्या, डोक्याकडून उचललेल्या पलंगावर, पट्टा नीट बांधून, आणि शेजारी दुसरं कुणी जागं असेल तरच. दारू प्यालेल्या माणसानं, गुंगीची गोळी घेतलेल्या माणसानं तर हातच लावायचा नाही.

आणि काही लेकरांच्या बाबतीत खरोखर थांबावं लागतं. 1 किलोच्या आतली त्या अभ्यासात नव्हती. त्यांचं डॉक्टर बघून ठरवतात. व्हेंटिलेटरवर असलेली, शॉकमध्ये असलेली, नुकतं ऑपरेशन झालेली, बेंबीच्या रक्तवाहिनीत नळी घातलेली, यांना कधी आणि कसं घ्यायचं हे त्या वॉर्डाच्या हातखंड्यावर आहे. तिथं डॉक्टर ‘आज नको’ म्हणाले तर हट्ट धरू नका, एवढंच विचारा: ‘उद्या काय झालं तर घेता येईल?’ तोवर पेटीच्या खिडकीतून हात घालून एक तळवा डोक्यावर आणि एक पायांवर नुसता स्थिर ठेवा. चोळायचं, थोपटायचं नाही. तुमच्या लेकीला नाकातून साधा ऑक्सिजन आहे आणि सिस्टर स्वतः बोलावतायत, म्हणजे तुम्ही त्या थांबण्याच्या यादीत नाही.

आईंच्या वाऱ्याला हसू नका. ‘वारं लागंल’ म्हणजे लेकरू गार पडेल, आणि कमी वजनाचं लेकरू गार पडणं ही खरीच जीवघेणी गोष्ट आहे. साडेछत्तीसच्या खाली पारा गेला की आम्ही धावतो. फक्त ऊब कुठून मिळते यावर त्यांचं-माझं मत वेगळं. आईची छाती लेकराच्या अंगाला जाणून तापते आणि निवते. बापाची छातीही उबेपुरती पुरेशी असते. उघड्या अंगावर घेतलं तरी डोक्याला टोपी, पाठीवर शाल, पंखा बंद, हे त्यांना दाखवा. सोयराबद्दल मी वाद घालत नाही. एवढंच सांगेन, ज्या घरांनी सोयर फिटेपर्यंत वाट बघितली त्यांचे ते दहा दिवस लेकरासाठी सगळ्यात नाजूक होते. सटवाई येऊन काय लिहायचं ते लिहो. लिहिताना लेकरू बापाच्या छातीवर असलं तर तिची काही हरकत असेल असं मला कुणी सांगितलेलं नाही. आणि जमलं तर आईंनाही बसवा. आजीची छातीही चालते. मी अशा म्हाताऱ्या पाहिल्यात की ज्या पहिल्या दिवशी नाक मुरडत बसल्या आणि तिसऱ्या दिवशी सुनेला पाळी द्यायला तयार होईनात.

परवा बायको येईल. टाके आड येत नाहीत: लेकरू छातीवर असतं, त्याचे पाय टाक्यांच्या बरेच वर राहतात. तिला रेलून बसता येऊ लागलं की घेता येतं. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचा कागद सोबत आणा, डॉक्टरांना दाखवा. पण तेवढ्यानं लेकरू अडवत नाहीत. नुसता खोकला असेल तर मास्क आणि हात धुणं. ताप असेल, छातीवर फोड-गळू-नागीण असेल, कांजिण्या असतील, किंवा खोकला दोन आठवड्यांहून जुना असेल, तर मात्र आत जायच्या आधी सिस्टरना सांगा. लपवू नका.

आणि आज, हे वाचून झाल्या झाल्या तिला फोन करून विचारा, दूध काढतेस का. लेकरू लांब आहे म्हणून कुणी सांगितलं नसेल तर तिचं दूध आटायला लागलं असेल. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, हातानं पिळून काढायचं, दिवसातून आठ वेळा तरी. सुरुवातीला चमचाभरच निघतं, पिवळसर, चिकट. ते फेकायचं नाही, तेच सगळ्यात मोलाचं. स्वच्छ झाकणाच्या वाटीत थंड जागी साधारण चार तास टिकतं; येताना सोबत आणता येईल का ते वॉर्डात विचारून ठेवा. लेक छातीवर आली की बहुतेक जणींना दूध वाढल्याचं जाणवतं. आपल्याच अंगात खोट होती म्हणून लेकरू लवकर आलं, असं ती मनात घेऊन बसली असेल. त्यावर तुम्ही भाषण करू नका. लेक तिच्या छातीवर ठेवा आणि तुम्ही जरा वेळ बाहेर जा.

घरचं नंतर सविस्तर लिहीन, आता पाठीमागं राहू नये एवढंच. सुट्टी मिळाली म्हणजे छातीवर घेणं संपलं असं नाही. साधारण अडीच किलोची होईपर्यंत, किंवा ती स्वतःच वळवळून बाहेर पडायला लागेपर्यंत चालू ठेवायचं. घरी जाताना गाडीतही छातीवरच. बाजेखाली शेगडी, बंद खोलीत कोळसा, ओव्या-शेपाची धुरी, यातलं काही नाही. त्या धुरानं गेलेली लेकरं मी पाहिलीत. जन्मापासून 30 दिवसांच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घ्या. 2 किलोच्या आतल्या लेकरांना ती लागतेच, आणि राहून गेली तर नजर जाऊ शकते. लेक चांगली दिसतेय म्हणून ही तारीख चुकवू नका. ज्यांची चुकली त्यांचीही चांगलीच दिसत होती. दूध ओढेना, पाय गार, तळवे पिवळे, श्वास मिनिटाला 60 च्या वर, झटके, यातलं एक जरी दिसलं तरी आशाताईची वाट न बघता 108.

आज दुपारी आंघोळ करून सिस्टरकडं जा आणि म्हणा, ‘मला परत बसायचंय.’ आणि भाऊ, पुढून बटणांचाच शर्ट घाला. टी-शर्ट घालून आलेल्या बापांना मी परत पाठवायचे, आणि ते दाराबाहेर एकमेकांचे शर्ट बदलून आत यायचे.